आधी उजवीकडे, मग डावीकडे

दादा, तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. गॅरेज मी चौदाव्या दिवशी उघडलं. वहिनींनी स्वतः किल्ली आणून दिली. म्हणाल्या, "बंद ठेवलेलं त्यांना चाललं नसतं, अलका." शटर वर ढकललं तर तुमची कामाची चप्पल तिथेच होती, एक सुलटी, एक उलटी. उलटी मी सरळ केली आणि कामाला लागले. रडू जेवायच्या वेळी आलं, डबा उघडल्यावर. समोर बसून माझ्या भाजीला नावं ठेवणारं कोणी नव्हतं.

माणसं येतात, तुमच्याबद्दल बोलून जातात. भिकन मिस्त्री म्हणजे देवमाणूस, असं म्हणतात. मला ते ऐकवत नाही. तुम्ही चिडके होतात. हट्टी होतात. दुसऱ्याचं म्हणणं पटलं तरी पटलं म्हणायला तुम्हाला दोन दिवस लागायचे. पण सिल्वासात कुणाचीही गाडी एका बाजूला ओढायला लागली की ती शेवटी आपल्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन उभी राहायची, हे खरं आहे. दोन ठिकाणी दाखवून, तीनदा अलाइनमेंट करून, टायर बदलून, वैतागून माणसं यायची. वापीहून यायची, दमणहून यायची. आणि त्या शेडमध्ये मी अकरा वर्षं तुमच्याबरोबर काम केलं. हे सांगताना माझी मान ताठ होते. होऊ दे.

मी आले तेव्हा मला काय येत होतं? धाग्याच्या कंपनीत बॉबिन पॅक करत होते, ते खातं बंद पडलं होतं. आमची खोली तुमच्या शेडच्या पाठीमागे. कपडे वाळत घालत होते आणि गाडीखालून तुमचा आवाज आला, "ओ ताई, जरासा ब्रेक दाबशी का?" तुमची अहिराणी मला तेव्हा अर्धीच कळायची. मी डहाणूकडची. पण ब्रेक कळलं. ओल्या हातांनी गाडीत बसले. तुम्ही म्हणालात दाब, मी दाबला. सोड, सोडला. पाच-सहा वेळा झाल्यावर मी म्हटलं, "हा वर येतो, पण उशिरा येतो."

मग तुम्ही सरपटत बाहेर आलात, माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "तुले कसं समजनं?"

"पायाला कळलं."

"उद्या येशी?"

एवढंच. पगार किती, वेळ काय, बाईमाणूस गॅरेजात कसं, यातलं काही तुम्ही विचारलं नाहीत. ते सगळं माझ्या नवऱ्याने विचारलं. त्यालाही तुम्ही एकच सांगितलंत, की हिचा पाय बरोबर सांगतो, असा पाय मला बारा वर्षांत मिळाला नाही. तो घरी येऊन हसत सुटला. पण दुसऱ्या दिवशी त्यानेच मला जुनी पँट काढून दिली.

तुमच्याकडे शिकायचं म्हणजे आधी गप्प बसायचं. गिऱ्हाईक म्हणालं गाडी डावीकडे ओढते, की मी लगेच पाना हातात घ्यायचे आणि तुम्ही तो काढून घ्यायचात. आधी त्याला बोलू द्यायचं. सारखी ओढते की ब्रेक मारल्यावर? रिकामी असताना की भरल्यावर? कधीपासून? त्याच्या आधी काय काम केलं होतं? मग हवा बघायची, चारी चाकांची, कारण निम्म्या गाड्या तिथेच बऱ्या व्हायच्या. मग तिला घेऊन दादऱ्याकडच्या कारखान्यांच्या रस्त्यावर जायचं, रविवारी तो मोकळा असतो. आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, पाणी जावं म्हणून. थोडीफार गाडी तिकडे जाणारच. म्हणून सपाट रस्ता पाहिजे, आणि स्टिअरिंग धरायचं नाही, नुसते तळहात टेकवायचे. तुम्ही शेजारी बसून विचारायचात, "काय म्हनस गाडी?"

पहिल्या वर्षी मला ती काहीच म्हणायची नाही. मी अंदाजाने सांगायचे आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायचात. मला वाटायचं, हा माणूस मला येडी समजतो. मग एकदा मी बोलले, "दादा, मला काही कळत नाहीये." तुम्ही लगेच म्हणालात, "हां. आते बरोबर बोलनी." त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा मला चहा पाजलात, स्वतः करून. फार वाईट झाला होता.

आज मला नवसूभाईंच्या व्हॅनबद्दल लिहायचंय. तुमच्या शोकसभेत बोलायला जमलेल्या माणसांमध्ये तेही होते, पण त्यांना बोलता आलं नाही. उठले, हात जोडले, बसले. त्यामुळे ती गोष्ट तिथे राहून गेली.

नवसूभाई खानवेलच्या बाजूची मुलं शाळेत आणायचे. पिवळी व्हॅन, सोळा-सतरा मुलं. एका सकाळी वळणावर व्हॅन अचानक डावीकडच्या गटाराकडे गेली. त्यांनी आवरली, पण आतली मुलं एकमेकांवर आपटली, एका मुलीचा ओठ फुटला. पालक शाळेत गेले. शाळेने व्हॅन दुसऱ्या गॅरेजात पाठवली. तिथे अलाइनमेंट झाली, गाडी ठीक आहे असा कागद मिळाला. पंधरा दिवसांत पुन्हा तसंच झालं. पुन्हा तपासणी, पुन्हा तोच कागद. नवसूभाई सांगत होते, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे जाते, आणि पाय काढला की डावीकडे. कधी इकडे, कधी तिकडे. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांना म्हणाल्या, "गाडी दोन्हीकडे कशी ओढेल, नवसूभाई? एकदा खरं काय ते सांगून टाका." कारण नवसूभाई एके काळी प्यायचे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सोडून नऊ वर्षं झाली होती, पण ते कोण मोजतं?

सोमवारी किल्ली जमा करा, असं त्यांना शुक्रवारी सांगितलं गेलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते व्हॅन घेऊन आपल्याकडे आले. शाळेने पाठवलं नव्हतं, स्वतःहून आले. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मिस्त्री, मी खोटा असेन तर तसं सांगा. म्हणजे मला तरी कळेल."

तुम्ही त्यांना हात धरून बाकावर बसवलंत. एकच प्रश्न विचारलात. "गाडी सुरू केल्यावर लगेच ओढते, का थोड्या वेळाने?"

ते विचार करून म्हणाले, "लगेच नाही. उतार उतरून आलो की. ब्रेक लय मारावा लागतो तिथे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला काही सुचलं नव्हतं, पण तुमचा चेहरा मला वाचता यायला लागला होता. दोन्हीकडे ओढणारी गाडी आहे असं ऐकून तुम्ही हसला नाहीत, एवढं मी पाहिलं.

आपण तिघं निघालो. मी चालवत होते, तुम्ही बाजूला, नवसूभाई मागे मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन. खानवेलपर्यंत व्हॅन अगदी शहाण्यासारखी चालली. मला नवसूभाईंकडे आरशात बघवेना. पुढे दुधनीच्या बाजूला रस्ता चढतो. वर जाऊन वळलो आणि उतरताना तुम्ही म्हणालात, गिअरवर उतरू नको, ब्रेकवर उतर, हा नवसूभाई उतरतो तशी. चौथ्या वळणावर ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग माझ्या हातात उजवीकडे सरकलं. पाय काढला. क्षणभराने ते डावीकडे गेलं, चांगलं जोरात. मी ओरडले, "दादा, दोन्हीकडे!"

मागून नवसूभाई म्हणाले, "बघा." एवढाच शब्द. तो मी विसरणार नाही.

गाडी बाजूला घेतली. मी उतरून चाकांजवळ हात नेला, लावला नाही. पुढचं डावं चाक भट्टीसारखं तापलं होतं, उजवं नुसतं कोमट. तुम्ही म्हणालात, "चला, गॅरेजात नेऊन उचलू."

तेव्हा मी नाही म्हटलं. आठवतं? मी म्हटलं, "नको दादा. तिथे जाईपर्यंत गार होईल आणि सुटेल. त्या गॅरेजवाल्यांनीही गार गाडीच बघितली असणार. इथेच उचलू या."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं त्या पहिल्या दिवशी गाडीखालून निघून पाहिलं होतंत. मागे जाऊन जॅक काढलात. नवसूभाईंनी दगड आणून मागच्या चाकांना लावले. डावं चाक उचललं. आपण दोघांनी जोर लावला तरी फिरेना. ब्रेक सोडलेला, पेडलवर कोणाचा पाय नाही, आणि चाक गच्च. तुम्ही वाकून ब्रेकचं तेल सोडायचं छोटं निप्पल पान्याने सैल केलंत. चिळकन तेल उडालं आणि चाक माझ्या हातात गर्रकन फिरलं.

मला सगळं एकदम समजलं. त्या चाकाकडे जाणारा रबरी पाइप आतून सुजला होता. ब्रेक मारला की तिथे तेल उशिरा पोचायचं, म्हणून उजवं चाक आधी धरायचं आणि गाडी उजवीकडे जायची. पाय काढला की तेल परत यायला वाट नसायची, डावं चाक धरलेलंच राहायचं आणि गाडी डावीकडे जायची. गार झालं की हळूहळू सुटायचं. नवसूभाई अक्षरन् अक्षर खरं बोलत होते. त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि बराच वेळ हातातल्या दगडाकडे बघत राहिले.

गाडी तुम्ही अगदी हळू, थांबत थांबत परत आणलीत. मी नवा पाइप आणायला निघाले तर तुम्ही अडवलंत. "आज बदलायचा नही. बदलला तर पुरावा गेला." तुम्ही मोठ्या बाईंच्या घरी गेलात, तसेच, तेलकट शर्टात. त्यांना रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात यायला सांगितलंत. त्या नाराजीनेच आल्या. त्यांची स्वतःची गाडी होती, त्यांना चालवता यायचं. तुम्ही म्हणालात, "बाई, मी काही बोलत नाही. तुम्ही चालवा. मैदानात गोल गोल फिरा आणि दर थोड्या वेळाने ब्रेक मारा."

रिकामी व्हॅन, रिकामं मैदान. त्यांनी पंधरा मिनिटं फेऱ्या मारल्या. आपण तिघं झेंड्याच्या खांबाजवळ उभे. नवसूभाईंचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावेत. मग आपण पाहिलं, व्हॅनचं नाक उजवीकडे झुकलं, आणि लगेच डावीकडे वळलं. बाईंनी गाडी थांबवली. उतरल्या तेव्हा त्या तुमच्याकडे आल्या नाहीत, माझ्याकडेही नाही. नवसूभाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझं चुकलं, नवसूभाई. मी तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं."

नवसूभाई म्हणाले, "मग सोमवारी येऊ ना, बाई?"

त्या वेळी मला जे वाटलं ते मी तुम्हाला कधी बोलले नाही. मी दहावीला दोनदा नापास झालेली बाई. त्या शाळेच्या मैदानात, एवढ्या शिकलेल्या बाईंसमोर, एका माणसाचा शब्द खरा ठरताना मी तिथे उभी होते, आणि तो खरा ठरवण्यात माझे हात होते. घरी जाऊन मी नवऱ्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तो म्हणाला, आता पोरांना सांग.

आणि त्याच दिवशी आपलं ते भांडणही झालं.

बाईंनी जाताना विचारलं होतं, "पण हे सापडलं कसं? दोन वेळा तपासून सापडलं नव्हतं." तुम्ही म्हणालात, "गाडीनंच सांगितलं, बाई." त्या हसल्या, गेल्या. गॅरेजात पोचल्यावर मी बोलले. "रस्त्यावर उचलायचं कोणी म्हटलं होतं? माझं नाव घ्यायला तुमची जीभ झिजली असती का?"

तुम्ही म्हणालात, "तुझं नाव घेतलं असतं तर बाईंच्या मनात आलं असतं, ही बाई काय सांगणार. त्या माणसाचं काम वाचवायचं होतं. तुझं नाव पुन्हा कधी घेता येईल."

"त्याही बाईच आहेत, म्हणूनच त्यांनी ऐकलं असतं."

"मले नही वाटत."

"तुम्हाला वाटत नाही, कारण तुम्ही घेऊनच बघितलं नाही."

दोन दिवस आपण पान्यापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी तुम्ही नवीन गिऱ्हाइकाला म्हणालात, "ही अलका मिस्त्री. हिला सांगा काय होतं ते." तेव्हापासून सगळ्यांना तसंच सांगत आलात. पण तेव्हा चुकलो, असं तुम्ही कबूल केलं नाहीत, आणि तुमचं कारण मीही मानलं नाही. दादा, मी ते आजही मानत नाही. तुम्ही ऐकत असाल तर ऐका, त्या दिवशी माझं नाव घ्यायला हवं होतंत. आणि तरी मला हेही माहीत आहे, की स्वतःचं नावसुद्धा तुम्ही घेतलं नव्हतंत.

दवाखान्यात तुम्ही आठ दिवस होतात. तिथे आपण तुमच्याबद्दल फार बोललोच नाही. तुम्ही बोलू दिलं नाहीत. मी काही विचारायला लागले की तुम्ही गुरव सरांच्या गाडीचं विचारायचात. सर म्हणजे आपल्या रांधा गावचे, रत्नागिरीकडून इथे मास्तरकीला आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. त्यांची जुनी गाडी थोडी थोडी डावीकडे जायची. तुम्ही आजारी पडायच्या आदल्या दिवशी ती आली होती. तुम्ही म्हणालात टायर. मी म्हटलं काही नाही, सरांच्या घराकडचा रस्ताच उतरता आहे. तोंडाला नळी लावलेली असताना तुम्ही बोटं एकमेकांवरून फिरवून दाखवलंत, डावा टायर उजवीकडे घाल, उजवा डावीकडे. ओढायची बाजू बदलली तर दोष टायरचाच. मी म्हटलं, उद्या करते. तुम्ही मान हलवलीत. त्या उद्याला मी स्मशानात होते.

गॅरेज उघडल्यावर सरांची गाडी मी पहिली घेतली. टायरांची अदलाबदल केली. गाडी डावीकडेच गेली. म्हणजे तुम्ही चुकलात. मग सपाट रस्त्यावर नेली. तरी डावीकडे. म्हणजे मीही चुकले. ब्रेक बघितले, चाकं उचलून हलवून बघितली, पुढचं एकेक सगळं तपासलं. काही नाही. तीन दिवस गेले. दर थोड्या वेळाने मी मान वर करायचे, तुम्हाला विचारायला.

चौथ्या दिवशी सरांना म्हटलं, तुम्ही चालवा, मी मागून स्कूटरवर येते. रांध्याच्या अलीकडे शेताचं पाणी रस्त्यावर आलं होतं. सर त्यातून गेले आणि पुढे कोरड्या डांबरावर चाकांचे ओले पट्टे उमटले. मी स्कूटर थांबवली. मागच्या चाकांचे पट्टे पुढच्या चाकांच्या पट्ट्यांवर बसत नव्हते. दोन्ही बाजूंना उजवीकडे सरकलेले होते, सारखेच. गाडी सरळ जात होती, पण तिरकी होऊन. मी रस्त्यात बसून ते पट्टे सुकेपर्यंत बघितले. एक ट्रकवाला हॉर्न मारून शिव्या देऊन गेला.

गॅरेजात आणून टेप लावला. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, उजवीकडे आणि डावीकडे. डावीकडे बोटभर कमी. मागचा अॅक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा, फिरला होता, त्याला जागेवर धरणारं रबरी बुश फाटलं होतं. आपण दोघं पुढेच शोधत बसलो होतो आणि रोग मागे होता. सर आठवून म्हणाले, जावईबापू गाडी घेऊन गेले होते, परत आणल्यावर मागच्या चाकाची चकती चेपलेली होती खरी. मी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मात्र माझं चुकलं. तुम्ही ऐकवलं असतंत.

बुश बदलून, अॅक्सल जागेवर बसवून, काल सरांना शेजारी बसवलं आणि दादऱ्याच्या बाजूला गेले. तळहात नुसते टेकवले. मग तेही उचलले. गाडी सरळ गेली, एका रेषेत, लांबवर. सर म्हणाले, "वा, अलकाताई." मी त्यांना काही उत्तर दिलं नाही, कारण मी तुमच्याशी बोलत होते.

मागच्या चाकांकडे बघायचं तुम्ही मला कधी शिकवलं नव्हतंत, दादा. तुम्हाला ते माहीत होतं की नव्हतं, हे आता मला कळायचं नाही. हे मी एकटीने शोधलं.